केसावरून प्राणी ओळखायला संगणकाला कसं शिकवायचं?

मुंगसाच्या केसांचे रंगाचे ब्रश चोरून विकले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिलंय, पण ब्रशातले केस त्याचेच आहेत का हे नुसतं बघून ठरवणं कठीण. अशा वेळी सूक्ष्मदर्शक आणि संगणक मिळून मोठी मदत करतात.

सराव घरच्या प्राण्यांवर करा: कुत्रा, मांजर, शेळी, ससा. वन्यप्राण्यांचे केस परवानगीशिवाय गोळा करू नका.

पाठीवरचे लांब, राठ केस घ्या; खालच्या मऊ लवेत ओळखीच्या खुणा कमी असतात. साबणाच्या पाण्यात धुवा, मग स्पिरिटमध्ये बुडवून वाळवा. तेलकट केसाचा फोटो धूसर येतो.

आता स्लाइडवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, त्यावर केस ठेवा आणि पॉलिश सुकलं की चिमट्याने अलगद उचला. केसावरच्या खवल्यांचा ठसा मागे उरतो. दुसरा केस ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप (पातळ काच) टाका, म्हणजे आतली मज्जा, म्हणजे केसाचा मधला गाभा, दिसेल. सशाची मज्जा बघाच! मक्याच्या कणसासारखे दाणे ओळीने बसलेले असतात. माणसाच्या केसात मज्जा असलीच तर बारीक, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

४०० पट मोठं करून फोटो काढा. उजेड आणि मोठेपणा सगळ्या फोटोंना सारखाच ठेवा.

गूगलची टीचेबल मशीन ही वेबसाइट फोटोंवरून संगणकाला ओळखायला शिकवते; तिच्यात फोटो जातवार टाका. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं.

इथेच बहुतेकांची फसगत होते. एकाच कुत्र्याचे दोनशे फोटो टाकले आणि त्यातलेच काही परीक्षेला ठेवले, तर गुण भरघोस मिळतात, पण यंत्र 'कुत्रा' शिकलेलं नसतं, तो एक कुत्रा शिकलेलं असतं. म्हणून प्रत्येक जातीचे निदान पाच-सहा वेगवेगळे प्राणी घ्या आणि त्यातला एक प्राणी पूर्णपणे बाजूला ठेवा. त्याचा एकही फोटो शिकवताना वापरू नका. खरी परीक्षा त्याच्यावरच.

आणखी एक. शिकवलेल्या चार जातींबाहेरचं यंत्राला काही ठाऊक नसतं. मुंगसाचा केस दाखवला तरी ते चारांपैकीच एक नाव सांगेल, तेही ठामपणे. 'इतर' असा वेगळा गट करून त्यात गाय, म्हैस, माणूस, लोकर असं बरंच काही भरा. एका केसावर कधीच निकाल देऊ नका. दहा केस तपासा.

तरीही शंका उरली तर डीएनए तपासणी आहे. त्यासाठी लागणाऱ्या पेशी केसाच्या मुळाशी असतात, म्हणून थोडे केस न धुता, मुळासकट कागदी पाकिटात कोरडे ठेवा.