मशीन जाम झालं तर हात घालायच्या आधी हे करा

फूड प्लांटमध्ये मेंटेनन्सला बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, मी जितके हात सापडलेले बघितले त्यातले बहुतेक माल चालू असताना नाही सापडले, काहीतरी अडकलं म्हणून काढायला गेल्यावर नाहीतर शिफ्ट संपताना मशीन धुवायला घेतल्यावर सापडले. दोन मिनिटांचं काम आहे, कशाला सगळं बंद करायचं, असं वाटतं ना तीच वेळ सगळ्यात वाईट.

आधी एक हिशोब बघा. आपल्याला काही जाणवून हात मागे घ्यायला साधारण पाव सेकंद जातो. बेल्ट सेकंदाला 1 मीटरने पळत असेल तर तेवढ्यात तो 25 सेंटीमीटर पुढे गेला, म्हणजे बेल्ट आणि रोलरच्या सांध्यात बोट सापडलं तर कळेपर्यंत मनगट आत. त्यामुळे मी पटकन हात काढेन हे डोक्यातून काढूनच टाका.

लाल इमर्जन्सी बटण दाबलं म्हणजे मशीन बंद झालं असं धरू नका. पॅनलपर्यंत पॉवर तशीच असते, पलीकडून कोणी बटण सोडवून स्टार्ट दाबला की संपलं. म्हणून मेन आयसोलेटर, म्हणजे मशीनची पॉवर मुळातूनच तोडणारा स्विच, ऑफ करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, वर नावाचा टॅग. तिघं जण काम करत असतील तर तिघांची तीन कुलपं, एकाने सगळ्यांच्या वतीने लावलेलं चालत नाही. मग मशीनला येणारी दाबाच्या हवेची लाइन बंद करून आतली हवा सोडा, कारण लाइट गेली तरी हवेच्या सिलिंडरमधल्या प्रेशरने दांडा सटकन पुढे येतो, आणि वर उचललेला भाग असेल तर त्याला खाली टेका द्या. ब्लेड फिरायचं पूर्ण थांबू द्या. शेवटी स्टार्ट दाबून बघायचाच, चालू नाही झालं तरच हात आत, ही पायरी लोक हमखास गाळतात आणि चुकीचा आयसोलेटर पाडलाय हे तिथेच कळतं.

गार्डच्या, म्हणजे फिरत्या भागावरच्या झाकणाच्या, सेफ्टी स्विचला (झाकण उघडलं की मशीन थांबवणारा) टेप नाहीतर मॅग्नेट लावून गंडवलेलं दिसलं तर त्या मशीनवर काम करू नका, सुपरवायझरला सांगा. आणि गार्ड सारखा उघडावा लागत असेल तर माणूस आळशी नाही, मशीन सारखं का जाम होतंय ते आधी शोधा.

मिन्सरमध्ये (खिमा करायच्या मशीनमध्ये) माल ढकलायला कायम दट्ट्याच, बोट कधीच नाही. फिरणाऱ्या शाफ्टजवळ ढगळ हातमोजे, अंगठी, बांगडी, ओढणी नको, मोजा अडकला की हातासकट ओढला जातो. स्लायसरचं ब्लेड मात्र मशीन बंद करून पुसायचं आणि तेव्हा न कापले जाणारे हातमोजे घालायचेच.

एवढं करूनही हात सापडलाच तर मशीन उलटं फिरवून सोडवायला जाऊ नका, जखम अजून फाटते. पॉवर तोडा, अॅम्ब्युलन्स बोलवा, मेंटेनन्सच्या माणसाला हाक मारा, सहज निघत नसेल तर मशीनचा तेवढा भाग खोलून हातासकट हॉस्पिटलला नेतात. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. दुसऱ्या बोटांतल्या अंगठ्या लगेच काढा, हात सुजतो. तुटलेलं बोट मिळालं तर ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात नको, त्याने ते परत जोडण्यालायक राहत नाही. पेशंटला पाणीसुद्धा देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. आणि बाकीचे हॉस्पिटलला पळाले तरी एकाने मागे थांबून त्या मशीनला कुलूप लावायचं, नाहीतर पुढच्या शिफ्टवाला येऊन तेच चालू करतो.