दोन अर्धवट डीव्हीडींतून एक अखंड नाटक

गोव्यात बिघडलेल्या डीव्हीडींतलं चित्रण परत मिळवायचं काम शिकायला घेतलंत तर लग्नांच्या डीव्हीडींइतक्याच देवळातल्या उत्सवी नाटकांच्या डीव्हीडी हातात पडतील. आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, गावचीच माणसं संगीत नाटक उभं करतात, लग्नाचं शूटिंग करणारा कुणीतरी ते टिपतो आणि चार घरांत प्रती जातात. पुढे त्यातला एखादा गाणारा नट जातो आणि मग शोधाशोध सुरू होते. एका घरची डिस्क पहिल्या अंकातच अडकते, दुसरीची बाहेरची कड गेलेली असते, तिसऱ्याकडे हार्डडिस्कवर इमेजचे, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या एका फाइलचे, तुकडे असतात.

तुकड्यांचं सोपं आहे. फॅट ३२ या डिस्कवर फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीत ४ जीबीची फाइल मावत नाही, म्हणून लोकांनी इमेज चिरून ठेवलेली असते. विंडोजच्या कॉपी आदेशाने जोडताना बायनरीचा पर्याय (/b) द्याच. तो नसेल तर मधे कंट्रोल-झेडचा बाइट आला की तो तुकडा तिथेच संपला असं धरलं जातं आणि पुढचं सगळं गळतं. जोडलेल्या फाइलचा आकार तुकड्यांच्या बेरजेइतका आहे ना, एवढं पाहा आणि पुढे चला.

डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. पावसाळ्यात कव्हरात धरलेली बुरशी बहुतेकदा एवढ्यानेच निघते. टूथपेस्ट घासायचा सल्ला देणाऱ्याकडून बाकीचंही काही शिकू नका. गुरू हवाच असेल तर स्वतः त्या काळी डीव्हीडी बनवून विकलेला स्टुडिओवाला गाठा, त्याला डिस्कच्या पोटात काय असतं ते ठाऊक असतं. एका ड्राइव्हने नाकारलेलं दुसरा ड्राइव्ह वाचतो, तेव्हा जुने दोन-तीन ड्राइव्ह जपून ठेवा.

आता खरा सापळा. डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कमधून वाचेल तेवढं काढणारा प्रोग्रॅम वापरणारे सगळे सांगतात: पहिली डिस्क वाचा, ती काढून दुसरी घाला, मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) तीच ठेवा, राहिलेली भोकं आपोआप भरतील. हे खरं आहे, पण दोन्ही डिस्क सेक्टरला सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याला कप्पा, सारख्या असतील तरच. मला यात अडकवलं ते एका स्टुडिओने. दुसऱ्या खेपेच्या प्रती काढताना त्यांनी मेनू बदलला होता. वरचं लेबल तेच, नाटक तेच, पण मागचा सगळा मजकूर थोडा पुढे सरकलेला. पडद्यावर शंभर टक्के वसूल असं आलं. नाटक लावलं तर पदाच्या ऐन तानेत चित्राचे चौकोन झाले आणि मागचीच ओळ पुन्हा ऐकू आली.

हे कुठलीही तपासणी का पकडत नाही ते नीट समजून घ्या. डीव्हीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा आणि व्हीओबी फाइलमधला, म्हणजे चित्र-आवाज असलेल्या फाइलमधला, प्रत्येक पॅकही (तिचा सुटा तुकडा) बरोबर तेवढाच. म्हणजे चुकीच्या जागी पडलेला सेक्टरही स्वतःपुरता धडधाकट असतो. ड्राइव्हला तो बरोबर वाटतो, डीडीरेस्क्यूलाही. फक्त नाटक मोडतं. शंभर टक्के याचा अर्थ सगळी भोकं भरली, एवढाच. कशाने भरली ते तो आकडा सांगत नाही.

म्हणून प्रत्येक डिस्कची वेगळी इमेज काढा, वेगळ्या मॅपफाइलसकट. दोन्हींतल्या आयएफओ (कुठे काय आहे ते सांगणाऱ्या) आणि व्हीओबी फाइलींचे आकार बाइटपर्यंत ताडून पाहा. मग दोन्ही मॅपफाइलींत पूर्ण वाचलेले म्हणून नोंदलेले पट्टे सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे घ्या आणि बाइटला बाइट जुळवा. नुसती सुरुवात जुळली म्हणून उठू नका. सगळे जुळले तर डीडीरेस्क्यूला दुसऱ्या इमेजची मॅपफाइल डोमेन मॅपफाइल (कुठल्या भागापुरतं काम करायचं ते ठरवणारी) म्हणून द्या, म्हणजे तिचे फक्त वाचलेले भाग पहिल्या इमेजच्या भोकांत जातील. हार्डडिस्कवरच्या जोडलेल्या इमेजलाही हीच परीक्षा लावा, पण तिला मॅपफाइल नसते. ती काढणाऱ्या प्रोग्रॅमने न वाचलेल्या जागी शून्यं भरलेली असू शकतात. अशा जागा शोधून वगळा.

एक गोष्ट पाहून घाबरू नका: भोकं बहुधा ३२ केबीच्या पटीत दिसतील. डीव्हीडीवरची चूकदुरुस्ती १६ सेक्टरांच्या गठ्ठ्यावर चालते आणि गठ्ठा हरला की सोळाही जातात. डिस्क दिसते त्यापेक्षा पुष्कळ कमी बिघडलेली असते.

आणि प्रती जुळल्याच नाहीत तरी नाटक गेलं असं समजू नका. तेव्हा सेक्टर सोडा, चित्रावर या. आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) असतात आणि पूर्ण चित्रापासून सुरू होणारा जास्तीत जास्त १५ चौकटींचा एक गट. म्हणजे निदान दर ०.६ सेकंदाला स्वच्छ कापता येईल अशी जागा मिळते. मोडलेला प्रसंग तिथे कापून दुसऱ्या प्रतीतला बसवा. वेळ फार जातो, पण पद अखंड ऐकू येतं.

घरच्यांना जोडलेली प्रत द्या, सोबत कुठल्या मिनिटाला काय मिळालं नाही ते लिहून द्या. मूळ इमेजी आणि मॅपफाइली मात्र पुसू नका. पुढच्या उत्सवाला आणखी कुणाच्या तरी कपाटातून तिसरी प्रत निघते.