सप्लिमेंटचा पुरावा कसा तोलायचा

डब्यावर ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असं छापायला फारसं काही लागत नाही. म्हणून तीन गोष्टी बघा: प्रयोग कोणावर झाला, मात्रा किती होती आणि शेवटी काय मोजलं.

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या मोफत ऑनलाइन सूचीवर, घटकाचं नाव टाका आणि बाजूच्या फिल्टरमध्ये ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ निवडा, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना करणारी चाचणी. उंदरांचे आणि काचेच्या बशीतले बहुतेक प्रयोग तिथेच गळतात. निव्वळ निरीक्षणांवर भिस्त ठेवली की काय होतं, ते बीटा-कॅरोटीनने (गाजरातलं नारिंगी द्रव्य, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) दाखवलं. ते रक्तात जास्त असणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असं दिसत होतं. मग फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम दिलं. १९९४ साली निकाल लागला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त!

मात्रा ताडताना पुढची बाजू सोडा, मागचा तक्ता वाचा. ‘फिश ऑइल १००० मिग्रॅ’ हे नुसतं तेलाचं वजन. आत बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२० (ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं), म्हणजे कामाचे ३०० मिग्रॅ. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत कॅप्सूल एकच होती, पण तिच्यात हे दोन मिळून ८४० होते. तरीही हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू एकत्र मोजल्यावर लक्षणीय फरक पडला नाही.

त्याच चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना ड जीवनसत्त्वाचे रोज २००० युनिट दिले. पाचेक वर्षांत ना कर्करोग घटला, ना हृदयविकार. पण तिथले लोक कमतरता बघून निवडलेले नव्हते, त्यामुळे ज्यांचा रिपोर्ट खरोखर कमी आहे त्यांना हा निकाल जसाच्या तसा लावू नका. त्यांना डॉक्टर ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा देतात. ते चुकून रोज घेतलं, की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं बिघडू शकतात.

पुरावा भक्कम आहे तो नेमक्या गरजेपुरता. आधीच्या गर्भात मज्जानलिकेचा (जिच्यापासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) दोष होता अशा स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून ४ मिग्रॅ फॉलिक ॲसिड दिल्यावर दोष ७२ टक्क्यांनी घटले (१९९१). दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्याला बी-१२ हवंच. वजनं उचलणाऱ्याला क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम पुरे; महागडे प्रकार त्याहून सरस ठरलेले नाहीत. त्याने रक्तातलं क्रिएटिनिन (ज्यावरून मूत्रपिंडाचं काम जोखतात) थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगून ठेवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा: थायरॉइड आणि ट्रोपोनिनचे (हृदयविकाराचा झटका ओळखायची रक्ततपासणी) आकडे त्याने चुकू शकतात.