शुगर ग्लायडर बघायचाय? आधी झाड शोधा

ब्रिस्बेनला कोणी पाहुणे आले की कांगारू, कोआला दोन दिवसांत उरकतात आणि मग विचारतात आता काय. मी म्हणतो चला, रात्री शुगर ग्लायडर बघायला, म्हणजे झाडावरून झाडावर हवेत झेपावणारा, कांगारूसारखाच पिशवीवाला पण छोटासा प्राणी. पण एक सांगून ठेवतो, टॉर्च घेऊन नुसतं इकडेतिकडे फिरलात तर काही दिसणार नाही, मी स्वतः पहिल्या तीन वेळेला फक्त डास खाऊन आलोय.

तर आधी दिवसा जा आणि झाडं बघून ठेवा. दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे म्हातारा युकॅलिप्टस (आपली निलगिरी), ज्याला ढोली आहे. अशी ढोली व्हायला शंभरेक वर्षं सहज जातात, त्यामुळे कोवळ्या जंगलात वेळ घालवू नका. ग्लायडर दिवसभर त्यात पानांच्या गादीवर सगळं कुटुंब एकमेकांना चिकटून झोपतं. दुसरं म्हणजे वॉटल, म्हणजे आपल्या बाभळीचीच भावकी. खोडावर दातांनी कुरतडल्याच्या खुणा आणि खाली मधाच्या रंगाचा डिंकाचा ओघळ दिसला की समजायचं हॉटेल सापडलं. आपण थंडीत डिंकाचे लाडू खातो, हा गडी तर डिंकच चाटतो :) शिवाय युकॅलिप्टसचा रस, फुलांतला मध, आणि प्रोटीनसाठी किडे. डिंक पचायला जड, म्हणून त्याच्या आतड्याची एक पिशवी मोठी असते, तिथे बॅक्टेरिया तो आंबवतात.

मग संध्याकाळी सूर्य मावळायच्या थोडं आधी ढोलीसमोर येऊन गप्प बसा, बोलू नका, मोबाईल खिशात. पावसाची आणि सोसाट्याच्या वाऱ्याची रात्र सोडून द्या. कडक थंडीत खायला कमी असेल तर हे अंग गार करून तासनतास निपचित पडतात, त्यामुळे त्या दिवसांत वाट बघावी लागते.

टॉर्च डोक्याला लावायचा, म्हणजे डोळ्यांची चमक सरळ तुमच्याकडे परत येते. त्यावर लाल जिलेटीन कागद लावा आणि प्रकाश कुणाच्या डोळ्यावर धरून ठेवू नका, बिचारा आंधळा झाल्यासारखा होतो आणि घुबडाला आयतंच मिळतं. कान पण उघडे ठेवा, छोटं कुत्रं लांबून यॅप यॅप करतंय असं वाटलं तर तो बहुधा हाच.

उडी म्हणाल तर बघता बघता होते. फांदीच्या टोकाला येतो, डोकं वरखाली करून अंतर मोजल्यासारखं करतो आणि सुटतो. करंगळीपासून घोट्यापर्यंतचा पडदा ताणला की चौकोनी रुमाल होतो, शेपूट सुकाणू, आणि अगदी शेवटी अंग वर उचलून चारी पायांनी खोडावर टप्प! वजन दोन-तीन लिंबांएवढं, पण एका झेपेत पन्नासेक मीटर जाऊ शकतो. सह्याद्रीतली उडती खार पण असंच करते, पण तिच्या मनगटाला पडदा ताणायला कुर्चेची जास्तीची काडी असते, ती याला नाही. नातं काहीच नाही, ही खार आणि हा कांगारूसारखा पिशवीवाला.

जागा म्हणाल तर शहराच्या दक्षिणेला करावाथा फॉरेस्ट. तिथे जवळपास दुप्पट वजनाचा स्क्विरल ग्लायडर पण आहे, शेपूट बुडाशी एकदम झुपकेदार दिसली तर तो. बाजूच्या कॉम्प्टन रोडवर प्राण्यांसाठी बांधलेल्या हिरव्या पुलावर चक्क लाकडी खांब उभे केलेत, ग्लायडरनी एकावरून दुसऱ्यावर झेपावत रस्ता ओलांडावा म्हणून. रात्री आत जाता येतं का ते आधी बघून घ्या, फुल पँट घाला, घरी आल्यावर गोचीड तपासा.

आणि कुंपणाच्या काटेरी तारेवर एखादा अडकलेला दिसला तर ओढू नका, पडदा टराटरा फाटतो. टॉवेलने झाका आणि वाइल्डलाइफ रेस्क्यूला फोन करा. तुमचंच कुंपण असेल तर सगळ्यात वरची तार साधी लावून टाका, अडकतात बहुतेक त्याच तारेला.