नेरूळच्या मैदानात स्टेजजवळची जागा: तयारीची यादी

यादीची सुरुवात रात्री दहापासून करते. उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, असा २००० सालापासूनचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, पण आपण त्या भरवशावर राहायचं नाही. त्यामुळे नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोणीही गाणार असलं तरी मुख्य कलाकार साधारण आठच्या सुमारास स्टेजवर येतो आणि दहाला कार्यक्रम आटोपतो. गेट मात्र दुपारी तीन-चारलाच उघडतं. म्हणजे ज्याला बॅरिकेडला टेकून कार्यक्रम बघायचाय त्याला सहा-सात तास पायांवर काढायचे असतात. पुढे पोचणं तसं सोपं आहे. तिथे दहापर्यंत टिकणं, आणि तेही चिडचिड न करता गाण्यात रमून टिकणं, यासाठी तयारी लागते. ही यादी त्या सहा तासांसाठी आहे.

तिकीट काढण्याच्या आधी मैदानाचा नकाशा नीट बघा. तिकिटाच्या किमतीवर जाऊ नका, स्टेजला लागून कोणता भाग आहे ते बघा. बऱ्याच कार्यक्रमांत स्टेजपुढे फॅनपिट, म्हणजे उभं राहून बघायचा वेगळ्या तिकिटाचा भाग असतो, त्याच्यामागे जनरलचं मैदान, आणि बाजूला उंचावर लाउंज. लाउंजचं तिकीट सगळ्यात महाग असतं, पण तिथून कलाकाराचा चेहरा दिसेलच असं नाही. जनरलचं तिकीट असेल तर फॅनपिटच्या मागे जे दुसरं बॅरिकेड असतं ते तुमचं लक्ष्य. तिथे समोर मोकळी पट्टी असते, टेकायला आधार असतो, आणि पैसेही वाचतात. माझ्या मते बजेट बेताचं असलेल्यांसाठी ही मैदानातली सगळ्यात चांगली जागा आहे.

नकाशात रॅम्प आहे का तेही बघा. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड इथे आला तेव्हाच्या त्यांच्या दौऱ्यात मुख्य स्टेजपासून मैदानात लांबवर रॅम्प निघायचा, त्याच्या टोकाला दुसरं छोटं स्टेज असायचं, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला तिसरं. अशा वेळी स्टेजच्या मधोमध उभं राहायचा हट्ट सोडावा. रॅम्प आणि स्टेज जिथे मिळतात त्या कोपऱ्यात कलाकार दोन्हीकडून जवळ येतो, आणि रॅम्पच्या टोकाजवळ फॅनपिटइतकी चेंगराचेंगरी नसते. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या शहरांचे व्हिडिओ बघितले की कलाकार कोणत्या गाण्याला कुठे चालत जातो तेही कळतं. ही अर्ध्या तासाची मेहनत जरूर करा, तिचा उपयोग होतो.

आता आवाजाबद्दल, कारण स्टेजजवळ आवाज सगळ्यात चांगला असतो हा समज फार पसरलाय. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा आवाज पुढच्या रांगांच्या डोक्यावरून मागे जातो. खाली जमिनीवर, अगदी बॅरिकेडसमोर, बेसचे मोठे स्पीकर ठेवलेले असतात. त्यामुळे पहिल्या रांगेत ड्रम छातीत वाजतो आणि गायकाचे शब्द मात्र स्टेजच्या कडेला ठेवलेल्या लहान स्पीकरमधून जेवढे येतील तेवढेच. साउंड इंजिनीअर बसतो ते टेबल मैदानाच्या मध्यावर असतं, आणि तो तिथे जे ऐकतो त्यावरूनच सगळं जुळवतो. म्हणून ज्याच्या शब्दांसाठी आणि गळ्यासाठी जाताय त्या गायकाला त्या टेबलाच्या थोडं पुढे, मधल्या रेषेवर उभं राहून ऐका. ज्या बँडसोबत नाचायचंय, ज्याचे घामेजलेले चेहरे बघायचेत, त्याच्यासाठी बॅरिकेड गाठा. हे घरीच ठरवा, मैदानात गेल्यावर सुचत नाही. (ठाणे महापालिकेच्या पं. राम मराठे स्मृती समारोहासारख्या बसून ऐकायच्या मैफलींना यातलं काही लागत नाही. तिथे वेळेच्या आधी जा आणि पहिल्या रांगेपेक्षा पाचवी-सहावी धरा.)

कानांचं मी नेहमी आग्रहाने सांगते. ८५ डेसिबलचा आवाज कानांना आठ तास चालतो, आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. हिशोब केलात तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलचीच. बेसच्या स्पीकरपासून हातभर अंतरावर तुम्ही दोन तास असणार. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात, ते घ्याच. संगीत नीट ऐकायचं असेल तर फिल्टरवाले घ्या, त्यात सूर दबत नाहीत, फक्त एकूण आवाज खाली येतो. आदल्या दिवशी घरी घालून बघा. मैदानात, अंधारात, घामट बोटांनी पहिल्यांदा घालायला गेलात तर पडून हरवतील.

आदल्या आठवड्यात आणखी दोन गोष्टी. जे बूट घालणार आहात ते घालून रोज थोडं चाला, म्हणजे ते पायाला बसतील. नवे बूट, चप्पल, सँडल, उंच टाच, काहीच नको. पुढच्या गर्दीत पायावर पाय पडतात. आणि आदल्या रात्री झोपा. रात्रभर जागून सकाळी रांगेत बसणारे पुष्कळ दिसतात, आणि मुख्य कलाकार येण्याआधीच त्यातले कितीतरी जण गळून मागे निघून जातात.

सोबत कोण येणार हे बुटांइतकंच महत्त्वाचं. दोघं किंवा तिघं उत्तम, चारपेक्षा जास्त नको. आठ-दहा जणांचा ग्रुप पुढे टिकत नाही. कोणाला तहान लागते, कोणाला टॉयलेटला जायचं असतं, कोणाला तो कलाकारच फारसा आवडत नसतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरता येते, उभ्या गर्दीत नाही. एकाने येऊन पाच जणांची जागा अडवली की मागे तीन तास उन्हात उभी असलेली माणसं भडकतात, आणि ते रास्तच आहे. ज्यांना पुढे यायचंय त्यांनी सगळ्यांनी वेळेवर यावं. बाकीच्यांना मागे भेटायची एक जागा ठरवून द्या, एखादा खांब किंवा खाण्याचा स्टॉल, कारण आत नेटवर्क बसतं आणि ‘कुठे आहेस’ हा मेसेज अर्ध्या तासाने पोचतो.

त्याच कारणाने तिकीट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, चार्जिंग पूर्ण करा आणि ओळखपत्र मूळ घ्या. पाठीवरची सॅक घरीच राहू द्या. बहुतेक ठिकाणी ती आत सोडत नाहीत, आणि सोडली तरी मागच्या माणसाच्या पोटात रुतत राहते. कमरेची छोटी पिशवी पुढे वळवून बांधा. त्यात रुमाल, इअरप्लग, ओआरएसची पुडी, गरज असेल तर सॅनिटरी पॅड आणि रोजचं औषध, एवढं पुरे. छत्री, पाण्याची बाटली, पॉवर बँक, सेल्फी स्टिक, अत्तर, लायटर यांबाबत आयोजकांची यादी वाचूनच निघा. गेटवर वस्तू टाकून देण्यात जी दहा मिनिटं जातात, त्यात पन्नास माणसं पुढे निघून जातात. केस लांब असतील तर घट्ट बांधा. सुती, सैल कपडे घाला. डिसेंबर-जानेवारीतही नेरूळला दुपारी चारचं ऊन चांगलंच लागतं.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात, उघड्यावर तासन्‌तास बसलेल्या माणसांना उष्माघात झाला आणि त्यात जीव गेले. ते मैदान नेरूळपासून फार लांब नाही. म्हणून टॉयलेटला जावं लागू नये यासाठी दिवसभर पाणीच न पिण्याचा जो उपाय मुलींमध्ये विशेष चालतो, तो कृपा करून करू नका. सकाळपासून दुपारी दीडपर्यंत भरपूर पाणी प्या, गेटवर जाण्यापूर्वी टॉयलेटला जा, आणि आत गेल्यावर घोट-घोट पीत राहा. दुपारी व्यवस्थित जेवा, वरण-भात, पोळी-भाजी, दही. स्टेशनबाहेरचा वडापाव खाऊन सहा तास उभं राहिलं की पोट त्रास देतं. अंधार पडल्यावर भूक लागेल, तेव्हासाठी परवानगी असेल तर राजगिऱ्याची किंवा शेंगदाण्याची चिक्की खिशात ठेवा.

कार्यक्रम रविवारी असेल तर लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद असायची वेळ, तपासा. हार्बर आणि ट्रान्स-हार्बरवर तो बहुधा सकाळी अकरा ते दुपारी चार असतो, म्हणजे नेमका तुमच्या जाण्याच्या वेळेला. एक-दोन दिवस आधी जाहीर होतो. ठाण्याहून निघणाऱ्यांनी पनवेल किंवा नेरूळची गाडी पकडा, वाशीची नको. तुर्भ्यानंतर ती सानपाड्याकडे वळते. नेरूळ आणि जुईनगर दोन्ही स्टेशनांवरून स्टेडियमला चालत जाता येतं. त्या दिवशी सायन-पनवेल महामार्गावर गाडी घेऊन जाण्यात काही अर्थ नाही.

तिकिटावरचा गेट नंबर बघून थेट त्याच रांगेत लागा, स्टेडियमला वळसा घालायला बराच वेळ जातो. आत शिरल्यावर धावू नका, भराभर चाला. बहुतेक लोक गेटमधून आले की सरळ रेषेत मध्यावर जाऊन थांबतात, त्यामुळे गेटच्या बाजूचा आणि मधला भाग आधी भरतो. पलीकडची बाजू बराच वेळ मोकळी असते. मागून वळसा घेऊन तिकडे जा, रांग-दोन रांगा नक्की पुढची मिळते. उंची कमी असलेल्यांसाठी माझा सल्ला ठाम आहे: पहिली रांग मिळत असेल तरच अगदी पुढे जा. स्टेज माणसाच्या डोक्याएवढं उंच असतं, तिसऱ्या-चौथ्या रांगेत पाठी आणि उंचावलेले फोनच दिसतात. पहिली गेली तर कडेच्या बाजूला, जिथे पुढे माणसं विरळ आहेत तिथे उभं राहा.

एकदा जागा मिळाली की शेजाऱ्यांशी बोला. नाव विचारा, कोणासाठी आलात विचारा. चार तास एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काढायचे आहेत. पाणी आणायला किंवा टॉयलेटला गेलात तर हीच माणसं तुम्हाला परत आत घेतात. पहिल्या कलाकाराचं मन लावून ऐका. दुपारी साडेचारला अर्ध्या रिकाम्या मैदानासमोर तो जीव तोडून वाजवत असतो, आणि पुढच्या रांगेने त्याला पाठ दाखवून फोन बघत बसणं मला फार लागतं. तो तुमचा कलाकार नसला तरी टाळ्या द्या.

ज्यांना मागची जागा मिळाली त्यांनी दोन कलाकारांमधल्या वेळेकडे लक्ष ठेवा. एकाचं संपलं की पुढची बरीच माणसं खायला निघतात. ती बाहेर येताना त्यांना वाट द्या आणि मोकळी झालेली जागा भरत पुढे सरका. गाणं चालू असताना कोपर मारत घुसायचं नाही. लोकलच्या दारात जे चालतं ते इथे चालवून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण इथे कोणाला ऑफिस गाठायचं नसतं.

आणि गर्दीचा दाब ओळखायला शिका. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तरी हलता येतं. पाच-सहाच्या पुढे गेली की आपण स्वतः पाऊल टाकत नाही, लाट आपल्याला नेते. हात वर करता येत नसतील, श्वास भरून घेता येत नसेल, किंवा न ढकलता सगळे एकदम डोलायला लागले, तर त्याच क्षणी निघायचं, मग समोर कोणीही गात असो. दोन्ही हात छातीपुढे घ्या म्हणजे फासळ्यांना जागा राहते, लाटेच्या उलट जोर लावू नका, आणि ती ओसरली की तिरकं कडेकडे सरका. खाली पडलेल्या वस्तूसाठी वाकू नका, फोन असला तरी. पहिल्या रांगेत असाल तर समोरच्या सुरक्षारक्षकाला हात करा, ते बॅरिकेडवरून उचलून बाहेर काढतात. बाजूला कोणी पांढरं पडलेलं दिसलं तर त्या माणसासाठीही हात करा.

परतीचं लोकलचं तिकीट आधीच काढून ठेवा आणि शेवटच्या गाड्यांची वेळ सकाळीच बघा, कारण दहा वाजता सगळं मैदान एकदम स्टेशनाकडे निघतं. पुढे असलेले सगळ्यात शेवटी बाहेर पडतात, म्हणून घाई न करता गर्दी थोडी विरळ होऊ द्या. नेरूळहून सुटणारी ठाण्याची गाडी असेल तर ती पकडा, बसायला मिळेल. जुईनगरला चढलात तर ती भरूनच येते. घरच्यांना मात्र आधीच सांगून ठेवा की साडेनऊ ते अकरा फोन लागणार नाही आणि मेसेज उशिरा पोचेल, म्हणजे ते काळजी करत बसणार नाहीत.