गेम स्टोअरचं कूपन आणि आपली किंमत: या चुका टाळा

इंदुरात दोघं-तिघं मिळून गेम बनवणाऱ्यांना सेलचे दिवस आले की एकच धास्ती: ‘स्टोअरनं कूपन वाटलं, आता आपले पैसे गेले!’ पहिली चूक हीच. कूपनचा भार स्टोअर उचलत असेल, तर आपला वाटा कूपन लागण्यापूर्वीच्या किमतीवर मिळतो. सीतलामाता बाजारातल्या दुकानदारानं साडीवर पदरची सूट दिली, तरी माल पुरवणाऱ्याचं बिल कमी होत नाही, तसंच हे. मात्र सूट कुणाच्या खिशातून जाते, हे करारात आधी वाचा. सगळी कूपनं सारखी नसतात.

खरा घोटाळा किमान रकमेत होतो. एपिक या ऑनलाइन गेम स्टोअरच्या मे 2019 च्या मेगा सेलमध्ये 14.99 डॉलर किंवा त्याहून महाग गेमवर 10 डॉलर सूट होती, आणि ती रक्कम एपिक भरत होतं. समजा, 14.99 च्या गेमवर उत्साहानं आपण स्वतःही 20 टक्के सूट लावली. किंमत 11.99 झाली, कूपन लागेनासं झालं. आपली सूट न लावता गिऱ्हाईक 4.99 देतं, आणि एपिकवरच्या तेव्हाच्या 88 टक्के वाट्यानं आपल्याला सुमारे 13.19 मिळतात. सूट लावल्यावर गिऱ्हाईक 11.99 देतं, आपल्याला 10.55! दोघंही तोट्यात, तेही आपल्याच औदार्यानं. पुढे कूपन टक्क्यांत आलं, तरी किमान रक्कम होतीच. ही किमान रक्कम आपली सूट वजा जाता उरलेल्या किमतीशी ताडून पाहा.

पैसे पूर्ण मिळाले म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. त्याच सेलमध्ये ‘बॉर्डरलँड्स 3’ आणि ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स 2’ काही काळ विक्रीतून गायब झाले. दोन्ही तेव्हा यायचे होते. न आलेला गेम स्वस्तात दिसला की पुढे पूर्ण किंमत मागणं अवघड जातं. म्हणून सहभागाची नोटीस आली की मुदतीत हो किंवा नाही कळवा. माझ्या मते जुन्या गेमला बिनदिक्कत हो म्हणावं, नव्याला जरा थांबावं.

घाबरून मूळ किंमत वाढवणं तर नकोच. स्टीम या दुसऱ्या गेम स्टोअरवर किंमत वाढवली, की 30 दिवस सूट लावता येत नाही. दिवाळीच्या तोंडावर हे केलंत तर सेल हातचा जाईल. रुपयांतली किंमतही वेगळी तपासा, डॉलरला गुणून मोकळे होऊ नका.