सशाची पैदास करायची की नसबंदी, कसं ठरवायचं

हौसेनं दोन ससे आणले, पोरांनी नावं ठेवली, आणि चार महिन्यांनी एक दुसऱ्याच्या मागं गोल गोल फिरायला लागला की मग लोकांना हा प्रश्न पडतो. मी सांगलीत विश्रामबागला गेली 9 वर्षं ससे पाळतोय, स्वतःचे आणि "तुमच्याकडं आहेतच की, अजून दोन राहू देत" म्हणून लोकांनी आणून सोडलेले, त्यामुळं कंटाळा आलाय एकेकाचे सल्ले ऐकून. कसं करायचं ते सांगतो.

1. नर-मादी खात्री करून घ्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. साधारण तीन महिन्यांच्या पुढं नराच्या गोट्या दिसतात, त्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. "दोन्ही माद्याच आहेत" म्हणून दिलेल्या जोडीला पिल्लं झालेली मी चार घरांत बघितलीयेत.

2. पिल्लं कोण घेणार त्यांची नावं कागदावर लिहा. 30 ते 32 दिवसांत मादी विते, एका वेताला साधारण 4 ते 8 पिल्लं, आणि व्यालेली मादी त्याच दिवशी परत गाभण राहू शकते, कारण गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज सशात नाही, नर लागला की बीज सुटतं. "मला एक ठेवा हं" म्हणणारे दहा असतात, न्यायला दोन येतात, त्यातला एक पोराच्या वाढदिवसाला नेतो आणि महिन्याभरात खोक्यातनं परत आणून देतो. धंदा म्हणून डोक्यात असेल तर 2019 चं इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवा, परत खरेदीच्या भरवशावर लोकांनी पक्षी घेतले, खरेदी थांबली आणि खुराडी भरलेलीच राहिली.

अजून एक, ऊसतोडीत सापडलेला ससा आणून त्याच्याशी क्रॉस करू म्हणणारे आहेत. तो वेगळा प्राणी आहे ओ, जमतच नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे. फडात सापडला तर तिथंच बांधाला सोडा.

3. ठरवा. कागदावर आठ पक्की घरं असतील तर पैदास करा, नसतील तर नसबंदी. माझ्या कागदावर आजवर कधी तीनच्या पुढं नावं गेली नाहीत. "मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला बरं असतं" हे कुणी सांगितलं तर चहा पाजा आणि घरी पाठवा. उलट नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढलं, चार वर्षांच्या पुढं गेली, की गर्भपिशवीचा कॅन्सर फार कॉमन आहे. नराची चार महिन्यांच्या पुढं, मादीची पाच-सहा महिन्यांनी करतात. एप्रिल-मे टाळा, सांगलीत पारा 40 ला टेकतो तेव्हा धडधाकट ससा पण धापा टाकत पडलेला असतो.

4. डॉक्टर शोधणं. खरी मेख इथं आहे. गुरांचे, कुत्र्यांचे डॉक्टर उत्तम असतात, पण ससा म्हणजे छोटं कुत्रं नव्हे. माझा पहिला नर मी एका दवाखान्यात नेला, त्यांनी सांगितलं आदल्या रात्रीपासनं उपाशी ठेवा. मी ठेवला, शहाण्यासारखा. कुत्र्याला उपाशी ठेवतात कारण भुलीत उलटी होऊन श्वासात जाते. सशाला उलटीच करता येत नाही. त्याचं आतडं सतत चालू पाहिजे, पोट रिकामं राहिलं की सगळं थंडावतं. बारा तास उपाशी, मग भूल, मग दुखणं, आणि घरी आणल्यावर गडी कोपऱ्यात पाठ करून बसला, कोथिंबीर नाकाला लावली तरी तोंड फिरवलं. रात्री ट्रेमध्ये एक लेंडी नाही. कान हाताला गार. दोन रात्री मी आणि आई आळीपाळीनं जागलो, तेव्हा कुठं तिसऱ्या दिवशी बारक्या मिऱ्याएवढ्या पाच लेंड्या पडल्या आणि आईनं देवाला दिवा लावला.

म्हणून आता मी फोनवरच विचारतो. डॉक्टर, तुम्ही आत्तापर्यंत ससे किती केलेत? उपाशी ठेवायचं का? (हो म्हटले की फोन ठेवायचा.) नंतर दुखण्याचं औषध देणार ना? अँटिबायोटिक कुठलं? तोंडावाटे अमॉक्सिसिलिन सशाला चालत नाही, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाही जातो. चांगला डॉक्टर असल्या प्रश्नांनी चिडत नाही. गावात कुणी मिळालं नाही तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, नाहीतर पुणे गाठा. मादीचं ऑपरेशन पोट उघडून असतं, तिथं पैसे वाचवू नका.

5. घरी आणल्यावर लेंड्या मोजा. टाके नंतर बघा, आधी लेंड्या. भुसा काढून वर्तमानपत्र अंथरा. हरळी, कोथिंबीर, जे आवडतं ते समोर ठेवा. संध्याकाळपर्यंत तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करून भरवायला सुरुवात करा: पेलेट (सशाचं गोळीखाद्य) कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करायची, सुई काढलेल्या सिरिंजनं पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या फटीतनं बाजूनं थोडी थोडी सोडायची, चावू द्यायचं. सरळ घशात मारली तर फुफ्फुसात जाते. पोट ढोलकीसारखं कडक लागलं तर काही भरवू नका, उचला आणि पळा.

6. नर-मादी वेगळे ठेवा, 4 आठवडे. ऑपरेशन झाल्यावरही नरात तेवढे दिवस दम असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी बिचारा एकटा पडलाय म्हणून मी त्याला मादीजवळ सोडला आणि 31 दिवसांनी सकाळी खोक्यात केसांच्या गादीवर सहा पिल्लं. तेव्हापासनं पिंजऱ्यावर मार्करनं तारीख लिहितो.